नाखव्याची लाल टोपी

मकामे नाखवा हॉटेलातली पाळी संपवून घरी आले, तेव्हा त्यांच्या नातीची मुलगी तातू ओट्यावर बसून उकडलेला कसाव्याचा कंद खात होती. तातू सात वर्षांची. एरवी आजोबा अंगणात दिसले की ती खाणं तसंच टाकून धावायची, त्यांचा हात ओठांना लावायची आणि म्हणायची, "शिकामो, आजोबा." म्हणजे, तुमचे पाय धरते. आजोबा तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "मरहबा." म्हणजे, पोचलं, सुखी राहा. आमच्या झांझिबारात लहानाने मोठ्याला भेटल्यावर आधी एवढं करायचं असतं. बाकीचं बोलणं त्यानंतर.

त्या दिवशी तातू उठली नाही. तिने तोंडातला घास सावकाश संपवला, हनुवटी वर केली आणि एक हात पुढे धरला, तळवा खाली करून.

"मरहबा," ती म्हणाली.

नाखवा थांबले. "काय म्हणालीस गं?"

"मरहबा म्हणाले. आता तुम्ही वाका ना."

आत भात ढवळत असलेली तिची आई झुवेना पळी हातात घेऊनच बाहेर आली. "कार्टे, कोणाशी बोलतेयस? ऊठ आधी."

"मी का उठू? त्या मुलीसाठी तर आजोबाच वाकले."

"कुठल्या मुलीसाठी?"

"पिवळ्या टोपीवाल्या. हॉटेलातल्या. ती माझ्याएवढीच आहे." तातूचा आवाज चढला. "आम्ही सगळ्यांनी शाळेच्या कुंपणातून बघितलं. आजोबा वाकले आणि तिला शिकामो म्हणाले. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिचे बाबा म्हणाले, फोटो हलला, परत करा. तर आजोबांनी परत केलं. ती हसत होती. तिला चालतं आणि मला नाही? मी तर घरची आहे."

झुवेनाने पळी उगारली. नाखव्यांनी तिचं मनगट धरलं.

"मारू नकोस तिला," ते म्हणाले. "पोर खोटं बोलत नाहीये."

आणि चहा न घेताच ते शेजारच्या आपल्या खोलीत गेले. भात करपल्याचा वास आला, तेव्हा झुवेना भानावर आली.

हे हॉटेल आमच्या मिकोकोनी गावाच्या किनाऱ्यावर, शाळेच्या कुंपणाला लागूनच आहे. मालक हॉलिस साहेब. दहा वर्षांपूर्वी पाठीवर पिशवी घेऊन आठ दिवसांसाठी आला होता. मग किनारा भाडेपट्ट्याने घेतला आणि राहिला. त्याने तोवर कधी कोणावर आवाज चढवला नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ओरडणारा साहेब ओळखायला सोपा असतो. हा हसायचा, खांद्यावर हात ठेवायचा, कामगारांना 'माझी माणसं' म्हणायचा आणि बेटाला 'माझं बेट'. पाहुण्यांना सांगायचा की इथले लोक जन्मतःच आनंदी असतात, त्यांना फार काही लागत नाही. दहा वर्षांत आमच्या भाषेतले पाच शब्द तो शिकला होता. 'माझी माणसं' पुढच्या दाराने येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी मागे खेकड्यांच्या दलदलीतून वाट होती.

जुन्या काळाची त्याला फार हौस. त्याच्या दिवाणखान्यात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांचे फोटो होते. वेताच्या खुर्चीत साहेब, मागे लाल गोंड्याची टोपी घालून उभे असलेले आमचे पणजे. पाहुण्यांना ते फोटो आवडायचे. मग हॉलिसने तशाच टोप्या शिवून घेतल्या आणि चाळीस कामगारांच्या डोक्यावर ठेवल्या.

चार वर्षांपूर्वी एका बैठकीत त्याने विचारलं होतं, "तुमच्या भाषेत सगळ्यांत आदराचा शब्द कोणता?"

झुवेनाला तेव्हा स्वागतकक्षाचं काम नुकतंच मिळालं होतं. ती पटकन म्हणाली, "शिकामो." अभिमानाने म्हणाली. आपल्याकडची सर्वांत चांगली गोष्ट कोणी मागितली की आमच्या माणसांना द्यायची घाई होते. साहेबाने लगेच लिहून घेतलं. हा शब्द वयाने लहान माणसानेच मोठ्याला म्हणायचा असतो, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. कोपऱ्यातले म्हातारे आचारी उस्सी खाकरलेसुद्धा. तिने डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं आणि आपलं वाक्यही गिळलं. साहेब खूश होता. खूश साहेबाला आणखी काही सांगायचं जिवावर येतं.

नंतर त्याने तिलाच नियम लिहायला सांगितले. कामगारांच्या खोलीत भिंतीवर तो कागद अजूनही होता. पहिलाच नियम, झुवेनाच्या गोल, सुबक अक्षरात: प्रत्येक पाहुण्याला, तो कोणीही असो, वाकून शिकामो म्हणावे.

पुढे साहेबाला फाटकावर 'खरा म्हातारा दर्यावर्दी' हवासा वाटला. तिने आजोबांना नेलं. तिला त्यांनीच वाढवलं होतं, आणि त्यांची होडी त्या वर्षी कुजून किनाऱ्यावर पडली होती.

"नुसतं सावलीत उभं राहायचं आजोबा," ती म्हणाली होती. "आणि पाहुणे आले की शिकामो म्हणायचं."

"लहानांनाही?"

"त्यांना कुठे काय कळतंय? गंमत म्हणून घेतात ते."

नाखवा त्यावर काहीच बोलले नव्हते. ती समजली, त्यांना चालतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुवेना असिया बाईंकडे गेली. गावच्या शाळेत बाईंनी छत्तीस वर्षं शिकवलं होतं. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या ओट्यावर रोज पंधरा-वीस मुलं पाढे म्हणत असायची. झुवेनाला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती.

"शिकामो, बाई."

"मरहबा. बस. आणि चप्पल त्या पोरांच्या पाट्यांवर ठेवू नकोस."

झुवेना बसली. "बाई, तातूला जरा समजवा. शाळेत मुलं काहीतरी भलतं शिकतायत. काल आजोबांना तिने..."

"मला ठाऊक आहे. तो खेळ आहे. हॉटेल-हॉटेल." बाई नारळ खवत होत्या, थांबल्या नाहीत. "एक जण साहेब होतो, दोघं-तिघं पाहुणे होतात आणि एक जण नाखवा होतो. नाखवा व्हायला कोणी तयार नसतं. मग चिठ्ठ्या टाकतात. ज्याची चिठ्ठी निघते, तो रडतो."

झुवेनाने विचारलं, "तुम्ही रागावला नाहीत त्यांना?"

"कोणत्या तोंडाने रागावू? मुलं बघतात तेच खेळतात. मीही चार वर्षं त्याच कुंपणातून बघतेय. घरी येते, भात खाते, झोपते. त्यांना रागवायचा हक्क मी केव्हाच घालवला. तू माझ्याकडे उशिरा आलीस असं म्हणू नकोस. मीच उशिरा उठले."

"बाई, पण ते पाहुणे आहेत. पाहुण्यांचा मान ठेवायचा ही आपलीच रीत ना?"

आता बाईंनी खवणी बाजूला सारली.

"पाहुणा म्हणजे कोण, सांग बघू. लहानपणी पाठ करून घेतलंय तुझ्याकडून."

झुवेना शाळेतल्यासारखी म्हणाली, "पाहुणा दाराबाहेर उभा राहतो. हाक देतो. आपण 'या' म्हटलं तर आत येतो. तीनदा हाक देऊन उत्तर आलं नाही तर परत जातो."

"बरोबर. हा तुझा हॉलिस आत येऊन दहा वर्षं झाली. आता मागच्या दाराने तू जातेस, दलदलीतून. मग पाहुणा कोण झालं?"

"नोकरी आहे बाई. चाळीस घरं चालतात तिच्यावर."

"नोकरी सोडा म्हणतंय कोण? चादरी बदला. मासे तळा. बॅगा उचला. कष्टाला लाज नाही. त्याने तुमचे आठ तास घेतलेत, ते त्याला नीट मोजून द्या. पण मकामेचं म्हातारपण त्या आठ तासांत येत नाही. ते तुझ्याकडे विकायला होतंच कुठे?"

बाईंचा आवाज वाढला होता. पाढे म्हणणारी मुलं गप्प झाली.

"या शब्दाचं तुला सांगते. माझी आजी सांगायची. एके काळी हा शब्द गुलामाने मालकाला म्हणायचा होता. खरोखर पाय धरून. मालक गेले. तेव्हा आपल्या माणसांनी काय केलं? शब्द टाकून नाही दिला. मालकाच्या हातातून तो काढून घेतला आणि आपल्या म्हाताऱ्यांना दिला. की बाबांनो, आता पाय धरायचे तर ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांचेच धरायचे. केवढं मोठं काम केलं त्यांनी, झुवेना. लढाई न करता केलं. आणि तू तो शब्द धुऊन, इस्त्री करून परत मालकाला नेऊन दिलास. त्याने नुसतं विचारलं होतं. त्याला ठाऊकसुद्धा नव्हता."

झुवेना मान खाली घालून ओट्याच्या दगडाकडे बघत राहिली. आधी तिला बाईंचा राग आला, मग साहेबाचा, आणि मग भिंतीवरचा तो कागद डोळ्यांपुढे आला. अक्षर तर साहेबाचं नव्हतं.

"मी काय करू?"

"ते मी का सांगू? गणित मी शिकवलं. सोडवायचं तू."

बुधवारी सकाळी ती हॉलिसच्या खोलीत गेली. तो खुशीत होता.

"ये, ये. उद्याचं लक्षात आहे ना? टूर कंपनीच्या मार्गो बाई येतायत, बरोबर दहा-बारा पाहुणे. त्यांना आवडलं तर पुढच्या तीन वर्षांची काळजी मिटली. आणि व्यवस्थापकाची खुर्ची तुझी. मी शब्द दिलाय."

त्या खुर्चीची तिने चार वर्षं वाट पाहिली होती. तरी ती म्हणाली, "साहेब, शिकामो हा शब्द लहान माणसाने मोठ्याला म्हणायचा असतो. वयाने. मी तेव्हा सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

"बरं, मग?"

"आजोबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. ते लेकरांपुढे वाकतात."

हॉलिस हसला. "पण पाहुण्यांना कुठे माहीत आहे?"

"आम्हाला माहीत आहे."

"झुवेना," तो मायेने म्हणाला, "तुम्हा लोकांचा साधेपणा हीच तर या बेटाची खरी दौलत. त्यात हे मानापमान आणू नकोस. शहरातल्या लोकांसारखी बोलायला लागलीस तू. म्हाताऱ्याने माझ्याकडे कधी तक्रार केली नाही. तुझ्याकडे केली?"

तिने नाही म्हणून मान हलवली. केली नव्हती.

"बघ. त्याला आवडतं ते. आणि थकला असेल तर तसं सांग, त्यात काय. गावात पांढऱ्या दाढ्या पुष्कळ आहेत."

तो कागदांत डोकं घालून बसलाही. झुवेना दाराशी उभी होती. दाढ्या. दहा वर्षं हा माणूस आमच्यात राहिला आणि त्याला माणसं दिसलीच नाहीत. फोटोत चांगल्या दिसणाऱ्या दाढ्या तेवढ्या दिसल्या.

"त्यांचं नाव मकामे आहे," ती म्हणाली.

"हो, हो. कॅप्टन," मान वर न करता तो म्हणाला.

संध्याकाळी ओहोटी होती. नाखवा आपल्या कुजलेल्या होडीपाशी बसून कुणाचं तरी शीड शिवत होते. झुवेना वाळूत त्यांच्याजवळ बसली.

"आजोबा, तुम्हाला वाईट वाटायचं?"

"पहिल्या दिवशी कंबर दुखली. मी म्हटलं, कंबरच असेल."

"मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "आणि तुझी नोकरी नवी होती. तातू पोटात होती तेव्हापासून तू धावतेयस, नवरा तिकडे पेंबा बेटाकडच्या बोटीवर. वादळ आलं की मी शीड उतरवून बसायचो, वारा जाईपर्यंत. हेही तसंच जाईल वाटलं. हा वारा काही गेला नाही बाई."

"उद्या येऊ नका तुम्ही. मी सांगते साहेबाला, बरं नाही म्हणून."

"मला काय झालंय?" ते पहिल्यांदाच तापले. "एकाहत्तर वर्षांत मी समुद्रावरून आजारी म्हणून परत आलेलो नाही. उद्या मी येणार. न येणं म्हणजे पळणं. ते म्हणतील, म्हातारा थकला, दुसरा आणा. आणि दुसरा कोण येईल? हमदान येईल, नाहीतर आपला खैरी. त्यांची कंबर माझ्यापेक्षा वाईट आहे."

झुवेनाला हसू आलं आणि डोळेही भरले.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता बोट धक्क्याला लागली. उन्हात कामगारांची रांग उभी होती, चाळीस लाल टोप्या. पुढे फाटकाशी मकामे नाखवा. हॉलिस पांढरे कपडे घालून हात पसरून उभा. पाहुणे फळीवरून उतरले. मार्गो बाई साठीच्या असाव्यात, वेताची टोपी, हातात वही. त्यांच्यामागे एक धिप्पाड तरुण आधीच मोबाईल धरून चित्रण करत होता.

नाखवा वाकणार, तेवढ्यात झुवेना रांगेतून पुढे झाली.

"थोडं थांबा," ती पाहुण्यांना त्यांच्या भाषेत म्हणाली. "आमच्याकडे स्वागत करताना आधी वय विचारतात. तुमचं वय किती, साहेब?"

लोक हसले. तरुणालाही मजा वाटली. "चौतीस."

"मग आधी तुम्ही म्हणायचं. शिकामो. हे एकाहत्तर वर्षांचे आहेत. आमच्याकडे लहान मोठ्याला म्हणतो. चार वर्षं आम्ही तुम्हा लोकांना उलटं दाखवत होतो. ते खोटं होतं."

तरुणाने मोबाईल खाली केला आणि हॉलिसकडे पाहिलं, जेवणाच्या ताटात चुकीचा पदार्थ आल्यावर माणूस बघतो तसं.

हॉलिस अजून हसत होता, पण फक्त दातांनी. "आमची झुवेना फार विनोदी आहे. चला, कॅप्टन, तुमचं ते होऊ द्या." आणि त्याने दोन चुटक्या वाजवल्या.

आमच्याकडे चुटकी वाजवून बकऱ्यांनाही कोणी बोलावत नाही. रांगेतल्या चाळीस माणसांनी त्या चुटक्या ऐकल्या. कुंपणापलीकडे मधल्या सुट्टीतल्या मुलांनीही ऐकल्या. ती केव्हाची तारेला नाकं लावून उभी होती, त्यांत तातूही होती.

मकामे नाखव्यांनी वाकलेली मान वर केली. मग पाठ सरळ केली. त्याला थोडा वेळ लागला. सरळ झाल्यावर ते हॉलिसपेक्षा चार बोटं उंच निघाले, आणि हे त्याने आजवर पाहिलंच नव्हतं.

"हॉलिस, तुझं वय किती?" त्यांनी स्वच्छ इंग्रजीत विचारलं. वीस वर्षं त्यांनी परदेशी जहाजांवर काढली होती. हॉलिसने कधी विचारलं नव्हतं. चार वर्षांत त्याने त्यांच्या तोंडून एकच शब्द ऐकला होता.

"सेहेचाळीस," तो गडबडून बोलून गेला.

"माझ्या धाकट्या लेकाएवढा. चार वर्षं मी रोज तुझे आणि तुझ्या पाहुण्यांचे पाय धरले. आज एकदा तू म्हण. नुसता शब्द म्हण. वाकू नकोस, कमरेचं दुखणं वाईट असतं."

धक्क्याला बोट घासत होती, तेवढाच आवाज.

मार्गो बाई एक पाऊल पुढे आल्या आणि झुवेनाला हळूच म्हणाल्या, "काय शब्द तो? पुन्हा सांगाल?"

"काही गरज नाही," हॉलिस मध्येच म्हणाला. त्याने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हॉटेलाकडे वळवलं. "तुम्ही पाहुण्या आहात. ऊन फार आहे, आत चला. सरबत तयार आहे."

त्या दोनदा मागे वळून बघत गेल्या. पण गेल्या.

एका शब्दाने काम झालं असतं. त्या माणसाचं काय जाणार होतं? हॉटेल जाणार नव्हतं, किनारा जाणार नव्हता. आमच्या घरातलं शेंबडं पोर दिवसातून वीसदा म्हणतं तो शब्द त्याच्या घशातून उतरेना. तेव्हा आमच्या लोकांना कळलं की इतकी वर्षं तो शब्द त्याला गोड का लागत होता.

नाखव्यांनी लाल टोपी काढली. तिचा गोंडा नीट सरळ केला, उगाच कोणी म्हणू नये की रागाने फेकली, आणि फाटकाच्या लोखंडी टोकावर ती अडकवली. झग्याच्या खिशातून आपली जुनी, कशिदा केलेली पांढरी टोपी काढून डोक्यावर घातली. मग ते चालू लागले. दलदलीच्या वाटेने नाही. पुढच्या फाटकातून, पाहुण्यांसाठी पांढरे शंख मांडलेल्या रस्त्याने.

आचारी उस्सी रांगेतून म्हणाले, "शिकामो, नाखवा."

"मरहबा, उस्सी."

उस्सींनी आपली टोपी काढून फाटकालगतच्या दगडी गडग्यावर ठेवली. त्यांच्या शेजारच्याने ठेवली. मग माळ्याने, मग चादरी धुणाऱ्या बायकांनी. गडगा लाल झाला. त्यानंतर सगळे कामाला लागले. बॅगा उचलल्या, सरबत दिलं, मासे तळले, कशातही कसूर केली नाही. पाहुणा समोर आला की "स्वागत आहे" म्हणाले, सरळ उभं राहून.

दुपारी हॉलिसने झुवेनाला बोलावलं. आज पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता.

"माझी अब्रू घालवलीस तू. एवढं सगळं केलं मी तुमच्यासाठी!"

"साहेब, तुमची अब्रू इतके दिवस एका म्हाताऱ्याच्या कमरेवर उभी होती. मलाही हे परवाच कळलं."

"मी तुला आत्ता काढून टाकू शकतो."

"टाका. पण लेखी द्या. कारणही लिहा, की हिने आजोबांना लेकरांपुढे वाकू दिलं नाही. ते पत्र मी शाळेच्या फळ्यावर लावेन."

त्याने पत्र दिलं नाही. एकीला काढता आलं असतं, चाळिसांना काढून मासे कोण तळणार? लाल टोप्या खोक्यात भरून माळ्यावर गेल्या. व्यवस्थापकाची खुर्ची मात्र झुवेनाला मिळाली नाही. पुढच्या महिन्यात हॉलिसच्या देशातून सव्वीस वर्षांची एक मुलगी आली आणि त्या खुर्चीत बसली. तिला काम शिकवायचं काम झुवेनाकडे आलं. झुवेनाने शिकवलं. पहिल्याच दिवशी तिला फाटकावर नेऊन सांगितलं, "हे आचारी उस्सी. हे तुझ्यापेक्षा मोठे आहेत. यांना काय म्हणायचं ते आधी पाठ कर."

पण हे सगळं नंतर. त्या गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा नाखवा ओट्यावर बसले होते आणि तातू त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पाय हलवत.

"आई, मी चुकले का?" तातूने विचारलं.

"तू नाही. मी चुकले."

तो कागद झुवेनाने भिंतीवरून काढून आणला होता. तिने तो चुलीत घातला. मग बाहेर येऊन ती आजोबांपुढे खाली बसली. आमच्याकडे 'पाय धरतो' असं नुसतं म्हणतात, खरोखर कोणी धरत नाही. तिने धरले. दोन्ही हातांनी, तळव्यांच्या भेगा हातांना लागेपर्यंत.

"शिकामो, आजोबा."

"ऊठ," नाखवा म्हणाले, "कंबर धरेल तुझी." आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवून, "मरहबा."

तातू सरकत सरकत जवळ आली. "मला पण," ती म्हणाली.

शाळेत आजही मधल्या सुट्टीत हॉटेल-हॉटेल खेळतात. असिया बाई परवा सांगत होत्या, आता नाखवा व्हायला सगळ्यांनाच हवं असतं, त्यावरून मारामाऱ्या होतात. चिठ्ठ्या हॉलिस कोण होणार यासाठी टाकाव्या लागतात. ज्याची निघते, तो रडतो.

साहेबांचं राज्य साठ वर्षांपूर्वी गेलं, असं आम्ही मुलांना शिकवतो. तारीखही पाठ करून घेतो. ते जहाजात बसून गेले हे खरं, पण त्यांच्यापुढे वाकायची जागा आपण तशीच झाडून-पुसून ठेवली, आणि कोणी नवा येऊन उभा राहिला की आपणच घाईने सतरंजी घालतो. त्याच्यावर रागवा, जरूर रागवा, त्याने राग यावा असंच केलं आहे. पण रागावून झालं की आपल्या कचेरीत, आपल्या शाळेत, आपल्या घरातही जरा भिंतीकडे बघा. कोणी कोणापुढे वाकायचं, याचा एखादा कागद तिथे लावलेला असेल. जवळ जाऊन वाचा. अक्षर ओळखीचं निघालं, तर तो उतरवायला दुसऱ्या कोणाची वाट बघू नका.